विचारायचं ते आक्कानेच

रिपोर्टच्या तळाशी 'बेथेस्डा कॅटेगरी ६' असं छापलेलं होतं. बारामतीतल्या लॅबमधून पाकीट हातात पडलं तसा दाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला, मोबाईलवर फोटो काढला आणि पुण्यातल्या पुतण्याला पाठवला. थायरॉइडच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशींची एक ते सहा अशी वर्गवारी करतात. दुसरा वर्ग निर्धोक गाठीचा, सहावा कॅन्सरचा. सहाव्यात आलेलं निदान क्वचितच खोटं ठरतं. पुतण्याचा फोन आला आणि दाजींनी लॅबच्या पायरीवरच ठरवून टाकलं : "तुमच्या आक्काला काय सांगायचं न्हाई. गाठ हाय, काढायची, एवढंच."

आक्का माझी थोरली बहीण. वय ४८. इंदापूर तालुक्यात ऊस, थोडं डाळिंब, दावणीला गायी आणि गावातल्या बायकांचं भजनी मंडळ, एवढा तिचा पसारा. दाजींचा बेत फार टिकला नाही. भावकीतली माणसं अचानक तिच्याशी गोड बोलायला लागली, धाकट्या जावेने न सांगता शेणघाण काढली, आणि आक्काला काय ते उमगलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "कॅन्सरच ना?" दाजी गप्प. "मग नीट विचारून येऊ की. तुम्ही न्हाई विचारायचं, मी विचारणार."

बारामती-इंदापूर पट्ट्यात कॅन्सर म्हटलं की पवारसाहेबांचा दाखला निघतोच. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, किरणोपचार सोसून ते पुढे दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री राहिले. भेटायला येणारा प्रत्येक जण हे सांगे. धीर यायचा, पण आक्काच्या गळ्यातल्या गाठीबद्दल त्यातून काडीचंही कळत नव्हतं. तोंडाचा कॅन्सर वेगळा, थायरॉइडचा वेगळा. शिवाय थायरॉइडच्याही चार मुख्य जाती. आक्काचा पॅपिलरी, म्हणजे सगळ्यांत जास्त आढळणारा आणि बहुतेकदा सावकाश वाढणारा. 'सुई टोचली की पसरतो' हा सल्ला देणारेही कमी नव्हते. सुई टोचून झाल्यावर हा सल्ला कशासाठी द्यायचा, हे एक कोडंच आहे.

पुण्याच्या सर्जनची वेळ मिळाली तशी तयारी सुरू झाली. रिपोर्टच्या कागदाबरोबर लॅबमधून काचेच्या स्लाइडही मागून घेतल्या, कारण मोठ्या रुग्णालयात तिथला पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा स्वतः तपासतो. सोनोग्राफीच्या फिल्म, टीएसएचचे जुने आकडे, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, महात्मा फुले योजनेसाठी आधार आणि रेशनकार्ड. घराण्यात कुणाला असं झालं होतं का, हेही विचारून ठेवलं. मेड्युलरी नावाची जात काही घराण्यांत वारशाने येते. आईच्या मावशीचा गळा सुजलेला होता एवढंच निघालं, तेही गलगंडाने.

प्रश्नांच्या मात्र दोन याद्या झाल्या. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझी यादी मुद्देसूद : गाठ किती सेंटिमीटर, ग्रंथी अर्धी काढणार की पूर्ण, पुढे काय. आक्काने वहीच्या मागच्या पानावर मला लिहायला लावले ते प्रश्न निराळेच. आवाज जाईल का? वरच्या पट्टीत गाता येईल का? नातवाला जवळ घेता येईल ना? भिगवणची चिलापी चालेल का? आणि शेवटी, 'तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?' हा प्रश्न वाचून दाजींनी कपाळाला हात लावला. डॉक्टरला असं कुणी विचारतं का? खरं तर विचारावंच. २०१७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाला पंचविसाहून जास्त पूर्ण थायरॉइड काढणाऱ्या सर्जनच्या रुग्णांना गुंतागुंत कमी झालेली दिसली होती.

सर्जननी आधी दाजींकडे पाहून बोलायला सुरुवात केली. आक्काने वही टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. त्यानंतर डॉक्टर तिच्याशीच बोलले.

आवाजाचा प्रश्न ऐकून त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. थायरॉइडच्या मागून दोन्ही बाजूंना एकेक नस स्वरयंत्रात जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळून आणखी एक बारीक फांदी जाते, ती स्वर ताणून वर न्यायला लागते. "ही दुखावली तर बोलणं ठीक राहतं ताई, पण वरची पट्टी जाते. तुम्ही गाता हे सांगितलंत ते बरं केलंत." ऑपरेशनआधी दुर्बीण घालून स्वरतंतू तपासायचे, हेही त्यांनी तेव्हाच लिहून दिलं. माझ्या मुद्देसूद यादीत या नसेचा मागमूस नव्हता. वर्षाच्या ऑपरेशनांचा प्रश्नही त्यांनी हसून घेतला आणि आकडा सांगितला. तो पुरेसा होता.

पुतण्याने जपानचं काहीतरी पाठवलं होतं. तिकडे म्हणे कापतच नाहीत. त्यात तथ्य आहे. कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयात १९९३पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या काही पॅपिलरी गाठी नुसत्या नजरेखाली ठेवतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा वर्षानुवर्षं वाढत नाहीत. दक्षिण कोरियात तर सरसकट सोनोग्राफ्या झाल्याने २०११पर्यंत या कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरापट झालं, मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. पण आक्काची गाठ १.८ सेंटिमीटरची, आणि सोनोग्राफीत मानेच्या बाजूच्या गाठीही शंकास्पद दिसत होत्या. नुसती गाठ असती तर अर्धी ग्रंथी काढून भागण्याचा विचार झाला असता. इथे पूर्ण काढावी लागणार होती, आणि मानेतल्या त्या गाठींचीही सुईने तपासणी करून त्यात कॅन्सर निघाला तर त्याही.

मानेत पसरलाय म्हटल्यावर दाजींना राहवेना. "कितवी स्टेज म्हणायची?"

"पहिली."

दाजींना वाटलं डॉक्टर समजूत घालतायत. तसं नव्हतं. पॅपिलरी कॅन्सरला रुग्णाचं वय ५५च्या आत असेल तर दोनच स्टेज मानतात. मानेतल्या गाठींत उतरला तरी पहिली, फुप्फुस किंवा हाडापर्यंत गेला तरच दुसरी. दाजींनी डॉक्टरांकडून ते दोनदा वदवून घेतलं.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. थायरॉइडला चिकटून चार इवल्या ग्रंथी असतात, त्या कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशननंतर ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. थायरॉइडची गोळी जन्मभर, सकाळी उपाशीपोटी. योजनेच्या कागदांचं खालच्या मजल्यावर आरोग्यमित्राकडे.

मग रेडिओ-आयोडीन. उरल्यासुरल्या पेशींना मारायला हे औषध तोंडाने देतात, कारण शरीरातलं आयोडीन मुख्यतः थायरॉइडच्याच पेशी ओढून घेतात. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून हेच काम करतंय. आता इतर रुग्णालयांतही वेगळ्या खोल्या असतात. या आयोडीनची किरणं आठ दिवसांत निम्म्यावर येतात, म्हणून घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. नातवाचा प्रश्न असा सुटला, म्हणजे सुटला नाहीच. तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणाला पोहोचते तेव्हा आक्काचं मंडळ ठरलेलं असतं. त्या गर्दीत जाता येईल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे पुढेमागे झाल्याने बिघडत नाही, पालखी जाऊ द्या, मग तारीख घेऊ.

आयोडीन द्यायच्या आधी एक-दोन आठवडे आहारातलं आयोडीन कमी करायचं असतं. नेहमीचं मीठ बंद, बेकरीचं बंद, अंड्याचा बलक बंद. मासे समुद्राचे बंद. उजनीच्या गोड्या पाण्यातली चिलापी थोडी चालेल, पण घरी, बिनआयोडीनच्या मिठात केलेली. वहीवर एक बरोबरची खूण झाली. दूध, दही, लोणीही बंद.

"आता बघा," आक्का दाजींकडे वळली, "घरच्या गायीचं दूध डेरीला घालायचं आणि आपण कोरा चहा प्यायचा."

"मी पण कोराच पितो," दाजी म्हणाले.

"तुम्ही कशाला? तुम्हाला काय झालंय?"