दोन फुल्या

आमच्या गोव्यात खिडकीला जनेल म्हणतात. जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने लावलेली जनेले अजून दिसतात, प्रत्येक आपापल्या जागी. एका जनेलाने दुसऱ्याला झाकले असे कधी होत नाही. कॉम्प्युटरच्या खिडक्यांचे तसे नाही, हे मला सुरतेत, बमरोलीला कळले.

२००७ साली मावसबहिणीकडे गेलो होतो. भावोजींचे तिथे एम्ब्रॉयडरीचे छोटे युनिट. खाली मशीनची खडखड, वर माळ्यावर कॉम्प्युटर आणि त्यावर पंचिंग करणारा एक खानदेशी मुलगा. पंचिंग म्हणजे नक्षीचा टाका न् टाका मांडून मशीनला समजेल अशी फाईल करणे. त्याची अहिराणी मला निम्मी कळायची, माझी कोकणी वळणाची मराठी त्याला तेवढीच. पैसे त्याला डिझाईनमागे मिळत.

दुपारी तो चहाला गेला. मी सहज एक जुनी बुट्टी उघडून पाहिली आणि कोपऱ्यातली फुली दाबली. बदल सेव्ह करायचे का, असा प्रश्न आला. मी काहीच बदलले नव्हते, ‘नो’ म्हटले. अख्खा प्रोग्राम बंद! प्रश्न माझ्या बुट्टीचा नव्हताच. तिच्यामागे झाकलेल्या, सकाळपासून चाललेल्या पदराचा होता. प्रश्नात फाईलचे नाव होते, पण वाचतो कोण?

अशा प्रोग्रामात एका मोठ्या खिडकीच्या पोटात अनेक खिडक्या असायच्या. आतली पूर्ण मोठी केली की कोपऱ्यात दोन फुल्या, एकीखाली एक. खालची फक्त डिझाईन मिटवते, वरची सगळा संसार. ही मांडणी करणाऱ्याला माळ्यावर आणून बसवायला हवे होते. विंडोजच्या १९८५ च्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या भिंतीतल्यासारख्या शेजारी शेजारीच बसत. एकमेकींवर चढू लागल्या त्या १९८७ च्या दुसरीपासून. (एक्सेलने २०१३ साली प्रत्येक फाईलला स्वतंत्र खिडकी दिली. मला सहा वर्षे उशीरच.)

मुलगा आला, पाहिले, थोडा वेळ गप्प बसला. मग ‘विंडो’ मेनूतले ‘टाइल’ दाबून दाखवले. उघडलेल्या सगळ्या नक्ष्या शेजारी शेजारी आल्या.

“काका, बंद करायच्या आधी एकदा अशा मांडून बघायच्या.”

पदर पुन्हा उभा राहायला मध्यरात्र झाली. मी शेजारी बसून होतो, दुसरे काय करणार? एका डिझाईनचे पैसे भावोजी देणार होते, दुसऱ्याचे मी पुढे केले. आधी नको म्हणाला. मग मोजून घेतले.