पेवाचा वास

आस्वाद, रस, रुची, चर्वणा. मराठीच्या प्राध्यापकाला हे शब्द दिवसातून किती वेळा उच्चारावे लागतात याची गणती नाही, आणि हे सगळे शब्द मूळचे जिभेचे आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरताला नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न आणि ते प्रसन्न चित्ताने खाणारा माणूस आठवला. आम्ही ती उपमा फळ्यावर लिहितो, टिपणात देतो आणि परीक्षेत विचारतो. मात्र दोन-तीन चवी समोर ठेवून, त्यांची नावे ठाऊक नसताना, त्यांचा निवाडा करण्याची पाळी गेल्या डिसेंबरपर्यंत माझ्यावर आली नव्हती.

सोलापुरातले माझे एक स्नेही वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांची मुलगी फ्रान्समध्ये दिझों येथे शिकते. सुट्टीत येताना तिने बर्गंडीची एक लाल वाइन आणली होती. ज्यूव्रे-शांबेर्तां या गावची, चौदा वर्षांची, तिच्या घरमालकाने स्वतःच्या तळघरातून काढून दिलेली. सरांनी तिच्या जोडीला आपल्या जिल्ह्यातली 'सेते' मांडली. अकलूजजवळच्या फ्रातेल्ली मळ्यांतली ही वाइन. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून हा उद्योग उभारला. सांजोवेसे आणि काबेर्ने सोविन्यों या दोन द्राक्षांचे हे मिश्रण. 'सेते' म्हणजे इटालियनमध्ये सात. सरांकडे हिच्या दोन बाटल्या होत्या, एक अलीकडची आणि एक बरीच जुनी. जुनी बाटली सोलापूरचे कित्येक वैशाख लाकडी कपाटात सोसून आली होती, तेव्हा तिच्यात काही उणे निघाले असते तर तो दोष कपाटाचा. मुलीने आत जाऊन तीन पेले भरून आणले आणि कोणत्या पेल्यात काय ते सांगितले नाही.

पहिले दोन पेले गडद होते. एकात जांभळाची धार, दुसऱ्यात तीच धार बोथट होऊन मनुकांकडे झुकलेली. तिसऱ्या पेल्याचा रंग मात्र फिकट, कडेला विटेसारखा; तळाशी धरलेले बोट दिसावे इतका पातळ. तो मी नाकाशी नेला आणि न थांबता बोलून गेलो, "पेवातल्या ज्वारीचा वास येतोय."

सगळे हसले. सर म्हणाले, "तुम्ही दुधनी सोडून पंचवीस वर्षे झाली, पण दुधनी काही तुम्हांला सोडत नाही." मीही हसलो. "गंमत केली हो," असे म्हणून मी तिसरा पेला शेवटच्या क्रमांकावर टाकला आणि कागदावर लिहिले, 'पाणचट'.

ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे आपण सर्रास लिहितो, पण ते फुटते म्हणजे काय होते हे नव्या पिढीच्या गावीही नसते. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार: तोंड अरुंद, पोट मोठे. आतून कडब्याचे, भुश्श्याचे अस्तर द्यायचे, ज्वारी ओतायची, वर दगड बसवून मातीने लिंपून टाकायचे. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, कर्नाटकाच्या अगदी उंबऱ्याशी आहे. घरात दोन्ही भाषा नांदायच्या. कानडीत पेवाला 'हगेवु' म्हणतात, आणि हा शब्द मराठी शाळेत उच्चारला की काय हशा व्हायचा तो वेगळाच. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. धान्याच्या श्वासाने आतली हवा मेलेली असते, माणूस उतरला तर परत येत नाही. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस. त्या उघडलेल्या तोंडातून येणारा वास, ओली माती, कुजत आलेला कडबा, अळंब्यासारखे काहीतरी आणि या सगळ्याखाली एक आंबूस गोडवा, मी लहानपणी दोन-तीनदाच घेतला असेल.

आज्जी पीठ मळता मळता सांगायची, ही मधली ज्वारी, ही कडेची, ही दोन पावसाळे काढलेली. कडेची ज्वारी भिंतीची ओल पिते, मधली कोरडी राहते. एकाच शेतातले धान्य, एकाच पेवातले, पण हातभर अंतराने चव पालटते. बर्गंडीची सगळी ख्याती याच गोष्टीवर उभी आहे असे त्या मुलीकडून कळले तेव्हा मी थक्क झालो. तिथल्या लाल वाइनचे द्राक्ष जवळपास एकच, पिनो न्वार. फरक जमिनीच्या तुकड्यांचा. अशा तुकड्याला तिथे 'क्लिमा' म्हणतात आणि २०१५ साली युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशात स्थान दिले. मध्ययुगात सिस्टरशियन साधूंनी वसवलेला क्लो द वूजो हा भिंतीआडचा मळा सुमारे पन्नास हेक्टरांचा, आणि त्याचे मालक आज ऐंशीच्या घरात. आमच्या भाऊबंदकीलाही इतक्या वाटण्या जमल्या नसत्या.

चिठ्ठ्या उघडल्या. तिसरा पेला बर्गंडी होता. पिनो न्वारची साल पातळ, म्हणून रंग मुळातच कमी, आणि वयाबरोबर तो विटकरी होत जातो. रंगाने माणूस किती फसतो याचा एक प्रयोग बोर्दो येथे झाला होता, २००१ साली तो प्रसिद्ध झाला: चोपन्न विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन लाल रंग मिसळून दिली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. तेव्हा फसण्यात मी एकटा नव्हतो. पण मला बोचली ती दुसरीच गोष्ट. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही पेव म्हणालात ना? तिथे याला जंगलातल्या जमिनीचा वास म्हणतात. ओली पानं, अळंबी. जुन्या बर्गंडीची हीच खूण."

डेव्हिड ह्यूमने १७५७च्या अभिरुचीवरील निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली आहे. सांचो पांझाच्या दोन नातलगांना एका पिंपातली जुनी वाइन चाखायला बोलावले. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ही गोष्ट मी वर्गात किती वर्षे सांगतो आहे! सांगताना नेहमी मीच तो नातलग असे. ते दोघे आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत, इकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. मी तर पहिल्याच हशाला हटलो.

आणि खरे सांगायचे तर मनात एक शंका अजून आहे. पेला फ्रान्सचा निघाला म्हणून माझा पेव खरा ठरला का? तो कपाटातल्या जुन्या बाटलीचा निघाला असता तर मी ही हकिकत लिहिली असती का? आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि मुलांनी काय काय लिहिले ते 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये १९२९ साली छापले. त्या मुलांच्या चुका आम्ही चवीने सांगतो. रिचर्ड्सने स्वतः नाव न पाहता किती कविता ओळखल्या असत्या, असे कोणी विचारत नाही.

त्या रात्री मला एक उत्तरपत्रिका आठवली. काही वर्षांपूर्वीची, अंतर्गत परीक्षेतली. मर्ढेकरांच्या एका कवितेचे रसग्रहण होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागाच्या घरातल्या एका मुलीने लिहिले होते की या ओळी मध्येच जिथे तुटतात तिथे मागावरचा धागा तुटून धोटा थांबल्यासारखे होते, आणि मग घरातले सगळे एकदम गप्प होतात. मी त्यावर तांबडी रेघ ओढून समासात 'अप्रस्तुत' असे लिहिले आणि दहापैकी चार गुण दिले. तिने येऊन विचारले, "सर, हे चुकलं का?" मी म्हणालो, "कवितेत माग कुठे आहे?" ती म्हणाली, "नाही सर, उगाच लिहिलं." पुढच्या परीक्षेत तिने बाजारातल्या मार्गदर्शकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले आणि मी आठ गुण दिले.

ती कविता आता वाचतो तेव्हा मला माग ऐकू येतो. तो तिच्या कानाने की माझ्या, ते ठरवता येत नाही. मुलगी कुठे आहे ठाऊक नाही.

संक्रांतीला दुधनीला गेलो होतो. पेव बुजवून त्यावर केव्हाच फरशी झाली आहे, तिथे चुलतभावाचा ट्रॅक्टर उभा असतो. त्याला म्हटले, जरा बाजूला घे. त्याने कारण विचारले नाही. मी वाकून फरशीच्या सांध्याशी नाक नेले. डिझेलचा वास येत होता.