दोर सुटला पाहिजे

तापोळ्याला शिवसागर जलाशयावर लाँचींच्या गर्दीत आमच्या युवक शिबिराची एक लहानशी शिडाची होडी असते. धर्मग्रामातील एका निवृत्त खलाशाने प्रेमाने दिलेली.

गेल्या मे महिन्यात वळवाचा वारा अकस्मात डोंगरावरून उतरला. शिडाचा दोर एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती होता. दोर सैल सोडला असता, तर शिडातील वारा निघून जाऊन होडी सावरली असती. परंतु तो कप्पीचे चाक आणि बाजूची पट्टी यांच्या फटीत अडकला आणि होडी कलंडली. लाइफ जॅकेटमुळे सर्वजण वाचले. मुलाने दोर तळहाताला गुंडाळला होता. त्या हाताची साल निघाली. ‘‘घट्ट धर,’’ असे मीच त्याला बजावले होते.

पुढे सांगलीस गेलो असता गणपती पेठेत कप्पी पाहिली. दुकानदाराने जाडजूड लोखंडी कप्पी पुढे ठेवली. ‘‘फादर, विहिरीवर जन्मभर टिकंल. तुटायची नाही.’’ त्याचे म्हणणे खरे होते. पण आमचा प्रश्न तुटण्याचा नव्हता, सुटण्याचा होता.

अखेर मुंबईहून दोराच्या जाडीला नेमकी बसणारी, न गंजणारी कप्पी मागवली. नायलॉनचा दोर ताणतो, झटका सोसतो. म्हणून तो नांगराला ठेवला. शिडाला कमी ताणणारा पॉलिएस्टरचा घेतला. दोर बांधायच्या खुंटीऐवजी दोन दातेरी चाकांची पकड बसवली. दोर ओढला की ती धरते. वर झटकला की सोडते. ती कोठे बसवावी हे ठरवण्यासाठी त्याच मुलाला होडीच्या काठावर बसवले आणि त्याच्या हाताला जेथून दोर सहज सुटला, तेथेच भोके पाडली.

मुलाची आई कृष्णाकाठची. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना नेणारी नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. तेव्हापासून तिला नावेचे नावही नकोसे झाले होते. ‘‘फादर, पुन्हा पाठवू का त्याला?’’ तिने विचारले. ‘हो’ म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. चूक माझी होती, एवढेच मी तिला सांगितले.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचे गलबत फुटते. त्यापूर्वी खलाशी नांगर तोडून टाकतात, सुकाणूची बंधने सैल करतात आणि शीड वाऱ्यावर उभारतात. दोनशे शहात्तर माणसे सुखरूप किनाऱ्याला लागतात. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल. परंतु त्यातल्या सोडलेल्या दोरांकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. तीस वर्षे व्यासपीठावरून मी ‘घट्ट धरा’ एवढेच सांगत आलो. नांगराच्या दोराला ते लागू आहे. शिडाच्या दोराला नाही.

पुढच्या शिबिराच्या दिवशी ती माउली स्वतः मुलाला घेऊन आली. होडी काठापासून सुटेपर्यंत तिने त्याचा हात धरला होता. मग सोडला.