बमरोलीहून मालवणच्या दर्याकडे

सुरत शहराच्या दक्षिणेस, पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून बमरोली हे स्थळ आहे. एके काळी ते शेतावाडीचे खेडे होते. आज ते शहराच्या पोटात सामावून गेले आहे. येथे दिवस उजाडतो तो यंत्रमागांच्या खडखडाटात, आणि रात्रही त्याच नादात झोपी जाते. पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत; आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. तापी नदी मुलताईजवळ उगम पावते, खानदेशची भूमी भिजवीत ७२४ किलोमीटरांचा प्रवास करते आणि सुरतेपलीकडे सागरास मिळते. आम्ही खानदेशी माणसे जणू तिच्याच प्रवाहाबरोबर वाहत येथवर आलो.

बमरोलीचे पाण्याशी नाते आहे, पण ते कामापुरते. कापड धुवायला पाणी हवे, रंगवायला पाणी हवे. सुरत महापालिकेने २०१४ साली बमरोली येथे एक केंद्र सुरू केले. शहराचे सांडपाणी पुनःपुन्हा शुद्ध करून दररोज ४ कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविण्याची त्याची क्षमता आहे. म्हणजे आमच्या गावात पाणीसुद्धा कारखान्यात कामाला जाते! परंतु पाण्यात उतरून त्याच्याशी खेळावे, त्याची ओळख करून घ्यावी, असे येथे कोणास सहसा सुचत नाही.

त्याला कारणही आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग जलमय झाला. त्या वेळी आम्ही नदीकाठच्या एका वस्तीत राहत होतो. आमच्या मातोश्रींनी दोन दिवस आणि दोन रात्री माळ्यावर बसून काढल्या. खाली धान्याच्या कोठ्या तरंगत होत्या. तेव्हापासून घरात दंडकच पडला, ‘पाण्याच्या वाटेस जायचे नाही.’ त्यामुळे आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीने जेव्हा मालवणच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा घरात केवढे वादळ उठले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कोणी विचारील की, सुरतेला समुद्र जवळ असताना मालवणापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? आमचा समुद्र म्हणजे डुमसचा. तेथील वाळू काळसर आणि पाणी गढूळ. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचे अंतर विलक्षण मोठे आहे. भावनगरच्या बाजूस तर ते १० मीटरांवर जाते. ओहोटी लागली की डुमसचे पाणी दृष्टीआड होते आणि समोर चिखलाचे माळरान पसरते. भरती लागली की तेच पाणी धावत परत येते. तेथे नवख्याने पोहण्याचे धाडस करू नये हेच बरे. मालवणच्या बाजूस हे अंतर दोन-अडीच मीटरांचे असते, आणि किनाऱ्याजवळचे खडक काही ठिकाणी लाटांचा जोर अडवून धरतात. एकच अरबी समुद्र. पण एका ठिकाणी तो रागीट सासरा, तर दुसऱ्या ठिकाणी शांत आजोबा!

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सिंधुदुर्ग जिल्हा जलतरण संघटना दशकाहून अधिक काळ ही स्पर्धा भरवीत आली आहे. अर्ध्या किलोमीटरापासून पाच किलोमीटरांपर्यंत निरनिराळी अंतरे असतात. लहान मुले येतात, साठी उलटलेले गृहस्थ येतात, दिव्यांग पोहणाऱ्यांसाठी वेगळा गट असतो. महाराष्ट्राबाहेरूनही लोक येतात. २०२३ सालच्या डिसेंबरात आम्ही, आमचे धाकटे बंधू आणि त्यांची ती कन्या असे तिघे निघालो. पुतणीने एक किलोमीटरासाठी नाव दिले होते, आम्ही दोघांनी दोन किलोमीटरांसाठी.

वर्षभर तिची तयारी तरणतलावात चालली होती. तिच्या शिक्षकांनी पहिले कित्येक दिवस तिला हात मारूच दिले नाहीत. आधी पाठीवर निश्चल तरंगायला शिकविले. “ज्याला पाण्यात विसावा घेता येत नाही, त्याने पाण्यात घाई करू नये,” असे ते म्हणत. या वाक्याचे मोल आम्हांस पुढे कळले.

सुरतेहून निघालेली गाडी वसई आणि पनवेल मागे टाकून कोकण रेल्वेच्या मार्गाला लागते. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला आणि आम्हां गुजरातेतील मराठी माणसांना तळकोकण एका रात्रीच्या अंतरावर आले. पहाटे जाग येते तेव्हा खिडकीबाहेर बोगदे, दऱ्या आणि धुक्यात उभ्या असलेल्या पोफळी दिसतात. कुडाळला उतरून सुमारे तीस किलोमीटरांचा रस्ता तोडला की मालवण येते.

सुरत आणि मालवण यांची गाठ इतिहासानेही एकाच वर्षात घातली आहे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! बमरोलीत पाणी शुद्ध करणारी यंत्रे पाहिलेल्या आमच्या पुतणीला या विहिरींचे मोठे नवल वाटले.

मालवणच्या किनाऱ्यावर गाबीत आणि ख्रिस्ती मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. येथे रापण ओढली जाते. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. एकट्या-दुकट्याचे हे काम नव्हे. दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागतात. स्पर्धेच्या आदल्या सायंकाळी एक वयोवृद्ध मच्छीमार जाळे सांधत बसले होते. त्यांनी आमच्या पुतणीला जवळ बोलावून समुद्राचा धडा दिला.

“पाण्यावांगडा झगडान उपेग नाय,” ते म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितले. समुद्रात तलावासारखी तळाला काळी रेघ नसते आणि टेकायला भिंतही नसते. म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा धराव्यात, एक जवळची आणि एक तिच्या मागची, म्हणजे एखादे घर आणि त्यामागचा माड. दोन्ही एका रेषेत दिसत आहेत तोवर आपली वाट सरळ आहे. माड घराच्या एका बाजूस सरकू लागला, तर प्रवाह आपल्याला वाहून नेत आहे असे समजावे आणि तोंड थोडे उलट बाजूस वळवावे. होड्या हाकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही विद्या त्यांनी एका परक्या मुलीस सहज देऊन टाकली.

स्पर्धा सकाळीच का घेतात, हेही त्यांच्याकडूनच उमगले. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारे वाहतात आणि किनाऱ्याजवळचे पाणी शांत राहते. ऊन चढले की जमीन तापते, खारे वारे उलट दिशेने सुटतात आणि पाण्यावर चाळण उठते. शिवाय भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून वेळ ठरविताना घड्याळाइतकाच चंद्रही पाहावा लागतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जत्रेची गर्दी होती. दंडांवर काळ्या शाईने क्रमांक लिहिले होते, डोक्यांवर रंगीत टोप्या होत्या. मानेला आणि काखेला चरबट मलम चोळणे चालू होते. कारण खाऱ्या पाण्यात कातडी घासून सोलवटते. समुद्रात रंगीत बोये डुलत होते आणि त्यांच्या बाजूंनी होड्यांतून मच्छीमार व जीवरक्षक पहारा देत होते.

शिट्टी झाली आणि पुतणीचा गट पाण्यात शिरला. प्रथम नुसता फेस आणि हातपाय दिसले. मग टोप्यांची एक लांब माळ झाली. आमची पाळी नंतरची होती, म्हणून आम्ही किनाऱ्यावरूनच तिची टोपी शोधीत होतो. पहिला बोया तिने ओलांडला, दुसराही ओलांडला. त्यानंतर मात्र ती टोपी एका जागीच थांबली. पाण्यातून एक हात सरळ वर आला.

आमच्या बंधूंचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाण्याकडे धावले. माळ्यावर बसलेल्या मातोश्री आणि तरंगणाऱ्या कोठ्या त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढून गेल्या. पण पाहतो तो काय, ती मुलगी पाठीवर उताणी पडून शांतपणे तरंगत होती! एक हात आभाळाकडे होता. होडी तिच्याजवळ गेली, दोन हातांनी तिला वर घेतले, आणि थोड्याच वेळात ती किनाऱ्यावर आली. पोटरीत पेटके आले होते. इजा काहीच नव्हती. दुःख मात्र अनावर होते. शर्यत अर्ध्यावर सुटली म्हणून ती हुंदके देत होती.

होडीवरच्या नाखव्याने तिच्या डोक्यावरून हात फिरविला. “दर्यो खंय जाणा नाय, बाय. फुडल्या वर्साक ये!” एवढे बोलून तो पुन्हा आपल्या पहाऱ्यावर गेला.

बंधूंचे मन आता पाण्यात उतरण्यास घेईना. तेव्हा तीच डोळे पुसून म्हणाली, “बाबा, तुम्ही जा. मी खुणा पाहते.”

आम्ही गेलो. डिसेंबरात मालवणचे पाणी अंगाला गारठा आणणारे नसते. खारटपणामुळे शरीर तलावातल्यापेक्षा हलके वाटते. परंतु तोंडात गेलेला एक घोट घसा जाळून टाकतो. आठ-दहा हात मारले की डोळे वर काढून बोया पाहावा, तर मध्ये लाट उभी! दिसतो तो केवळ पुढच्या माणसाचा तळपाय. अर्ध्या वाटेवर प्रवाहाने आम्हांस डावीकडे ओढले. मग त्या वृद्धाचे घर आणि माड आठवले, तोंड उजवीकडे वळविले, आणि पाण्याशी झगडा सोडून त्याच्याशी तडजोड केली. आम्ही पुष्कळांच्या मागून किनाऱ्याला लागलो. पाय वाळूवर टेकले तेव्हा जमीनच हलत असल्याचा भास झाला.

परतीच्या गाडीत पुतणी अबोल होती. तिला आम्ही आरती साहा यांची हकीकत सांगितली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लिश खाडी पोहण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडावा लागला. त्या खचल्या नाहीत. २९ सप्टेंबर १९५९ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून त्यांनी इंग्लंड गाठले, आणि ती खाडी पोहून जाणारी आशियातील पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव अजरामर झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातील सात अवघड सागरी मार्ग पूर्ण केले. असे करणारे ते पहिले आशियाई. आमच्या गुजरातेतही चोरवाड ते वेरावळ ही २१ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरांची, वीर सावरकरांच्या नावाची स्पर्धा होते. सागराने यांपैकी प्रत्येकाची परीक्षा घेतलेली आहे. आणि त्या परीक्षेत हात वर करणे म्हणजे नापास होणे नव्हे.

घरी पोहोचल्यावर मातोश्रींनी सारी कथा शांतपणे ऐकून घेतली. पेटक्यांचे ऐकून त्यांनी डोळे मिटले, तरंगण्याचे ऐकून उघडले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग नातीला म्हणाल्या, “तुझ्या धाकट्या भावालाही ते उताणे पडणे आधी शिकव. हात मारणे मग पाहू.”

वाचकहो, आपणांपैकी कित्येकांची घरे खाडीकाठी, नदीकाठी वा समुद्राच्या लाटांच्या आवाजात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. भीतीने दार लावून घेतल्याने पाणी दूर जात नाही; आमच्या घरात ते दार फोडून आले होते. तान्ह्या लेकरांना विहिरी-तळ्यांपासून जपावे, त्यांच्यावरची नजर क्षणभरही काढू नये. थोडी मोठी झाली की मुलांना, आणि मुलांइतकेच मुलींना, जाणत्या माणसाच्या हाताखाली पाण्यात उतरवावे. प्रथम तरंगणे, मग हात उंचावून साहाय्य मागणे, आणि त्यानंतर पोहणे, असा क्रम ठेवावा. स्पर्धेतले बक्षीस कोणाला मिळो वा न मिळो. ही तीन अक्षरे गिरविलेले मूल संध्याकाळी घरी परत येते, आणि आईबापांना त्याहून मोठे बक्षीस ते कोणते?