गाळा एकच, बातम्या अनेक

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाच्या या सत्रात एकच ठिकाण धरून वेगवेगळ्या प्रकारांत लिहायचं आहे: बातमी, मुलाखत, रेडिओची स्क्रिप्ट, रिपोर्ताज. मी पुण्याचं गुलटेकडीचं मार्केट यार्ड घेतलं. जागा रोज पेपरात येते, म्हणूनच घेतली. तिथलं काय छापून येत नाही, ते शोधायचं आहे.

*

सुरुवात बाजारभावापासून. शनिवारी बाजार बंद, त्यामुळे रविवारची आवक सगळ्यात मोठी, आणि ती बातमी सोमवारच्या अंकात. पहाटे आडत्यांना गाठायचं. कुठून किती गाड्या आल्या, उठाव आहे का, गेल्या रविवारच्या मानाने भाव चढले की उतरले. फळभाज्यांचे भाव दहा किलोला, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांना. विशेषणाला कुठे जागाच नाही. वर्गात बरेच जण याला कारकुनी म्हणतात. मला ते पटत नाही. पुरंदरचा शेतकरी उद्या मेथी काढायची की थांबायचं हे ही बातमी वाचून ठरवतो. एवढ्या थेट उपयोगाचं लेखन पेपरात दुसरं क्वचितच असतं.

मात्र या बातमीसाठी फक्त आडत्याला विचारावं लागतं. दुसऱ्या कुणाशी न बोलता ती पुरी होते.

*

उलटा पिरॅमिड. महत्त्वाचं वर, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. पान लागताना जागा कमी पडली की उपसंपादक कॉपी खालून कापतो. म्हणजे शेवटच्या परिच्छेदात काय टाकायचं हे ठरवताना बातमीदाराने आधीच ठरवलेलं असतं की काय गेलं तरी चालेल.

वाचनालयात जुन्या फायली चाळल्या. हमालांनी काम बंद ठेवलं की बातमीचा इंट्रो शेतकऱ्यांच्या आणि ग्राहकांच्या गैरसोयीचा. मागणी काय होती, हे खाली. काही अंकांत मागणी नाहीच. लिहिली नव्हती की कापली, हे छापलेल्या पानावरून कळायला मार्ग नाही.

*

फेब्रुवारी २०२३ मधली बातमी वहीत चिकटवून ठेवली आहे. बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा.

ही बातमी कशी लिहिली गेली ते मी पुन्हापुन्हा पाहते. जिथे पट्टी आणि चेक यांचा फोटो छापला आणि वजाबाकी मांडली, तिथे वाचणारा हादरतो. जिथे ‘बळीराजाची क्रूर थट्टा’ असा मथळा दिला, तिथे तो शब्दांवरून पुढे सरकतो. आकडा स्वतः बोलत असेल तर त्याच्यापुढे उभं राहू नये. आडत्याची पट्टी हे आपल्याकडचं फार मोलाचं कागदपत्र आहे. बाजाराचा सगळा व्यवहार त्या वीतभर कागदावर असतो. ती वाचायला पत्रकारितेच्या वर्गात शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

*

अनिल अवचटांचं ‘माणसं’ पुन्हा वाचायला घेतलं. हमाल, हळद कामगार, विडी कामगार. त्याआधी १९६९ चं ‘पूर्णिया’, बिहारमधल्या दुष्काळाच्या निमित्ताने तिथे जाऊन लिहिलेलं. भाषा बोलण्यातली, वाक्यं छोटी. लेखक पानावर असतो, पण मध्ये येत नाही. तो बारीकसारीक विचारत राहतो: ओझं किती, मिळतं किती, त्यातलं घरी किती जातं. धोरण, कायदा, शोषण हे सगळं त्या उत्तरांतून वर येतं.

वाचून झाल्यावर यार्डातल्या एका वयस्कर हमालमामांजवळ बसले. त्यांच्या हातात लोखंडी हूक होता, मुठीची लाकडी बाजू घासून गुळगुळीत झालेली. मी विचारलं, “मामा, हा किती वर्षं वापरताय?” ते म्हणाले, “हा वडलांचा. टोक दोनदा बदललंय.” मग मानेवरचा टॉवेल बाजूला करून मला मानेखालची कातडी दाखवली, टाचेसारखी जाड. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं, ते पन्नासवर आणायला हमालांना लढावं लागलं. “वजन कमी झालं ते बरंच झालं बघ पोरी. पण आता खेपा वाढल्यात.”

हे वाक्य बाजारभावाच्या बातमीत कुठेही बसणार नाही. आणि मार्केट यार्डाबद्दल मला कळलेली सगळ्यात नेमकी गोष्ट हीच आहे.

*

दुपारी ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवले. १९७४ पासून हमाल पंचायत, म्हणजे हमालांची संघटना, हे उपाहारगृह चालवते. ही पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढावांबद्दल फीचर लिहायचं म्हटलं तर साहित्य अमाप. पण व्यक्तिचित्रात एक धोका दिसतो: माणूस मोठा होत जातो आणि त्याच्यामागे उभे असलेले हजारो लोक पुसट होतात. चळवळीवर लिहायचं तर भाकरी भाजणाऱ्या बाईपासून सुरुवात करून पाहावी.

*

रेडिओ. आमच्या घरात सकाळी आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. सुधा नरवणेंचा आवाज आजीला ओळखीच्या माणसासारखा वाटायचा. आता स्वतः स्क्रिप्ट लिहिताना कळतंय की कानाला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही. एका वाक्यात एकच गोष्ट. ‘एकशे सत्तावीस ट्रक’ ऐवजी ‘सव्वाशेच्या वर’. आणि मुख्य म्हणजे आवाज. हातगाडी ढकलणाऱ्याची “चला, पाय सांभाळा” ही हाळी, लिलावातली बोली, पोतं जमिनीवर आदळल्याचा धप्प. तो धप्प मी तसाच ठेवला, त्यावर निवेदन घातलं नाही.

*

कॅमेरा. हेच मामा माइक समोर येताच टोपी सारखी करून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “शासनाने आमच्या मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा.” बाइट म्हणून ते चाललं असतं. पण हे त्यांचं बोलणं नव्हतं, आजवर त्यांनी पडद्यावर जे ऐकलं ते होतं. दहा-बारा सेकंद मिळणार हे माणसाला माहीत असतं, आणि तेवढ्यात तो सगळ्यांचा प्रतिनिधी व्हायला बघतो. कॅमेरा चालू ठेवून हूक कसा धरायचा ते विचारलं, तेव्हा आवाज पुन्हा त्यांचा झाला.

*

माहितीचा अधिकार. कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. अर्जात ‘का’ विचारून उपयोग नसतो; खुलासा मागता येत नाही, कागद मागता येतो. किती, कधीपासून, कोणत्या आदेशाने, प्रत द्यावी. रिपोर्ताज लिहिताना उत्सुकता मोकळी सोडावी लागते, इथे ती आवळून धरावी लागते. माझा अर्ज हमालांबद्दल: ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्याखालच्या माथाडी मंडळात नोंदलेल्यांची प्रकारवार संख्या मागितली आहे. उत्तराची वाट पाहतेय.

*

मराठी पत्रकारितेच्या इतिहासात सुरुवात ‘दर्पण’ने होते: बाळशास्त्री जांभेकर, ६ जानेवारी १८३२. ते योग्यच. पण मी आता ‘दीनबंधू’कडे जास्त वेळ थांबते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं हे पत्र १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवत होते, आणि १८८४ मध्ये त्यांनीच गिरणी कामगारांची संघटना उभी केली. ‘तटस्थ राहा’ असं आम्हाला सांगितलं जातं. बातमी खरी असावी, पडताळलेली असावी, दुसरी बाजू घेतलेली असावी, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण गिरणीत कुणाला प्रश्न विचारायचा हे ठरवताना लोखंडे तटस्थ नव्हते, आणि म्हणूनच कामगारांच्या तक्रारी त्या काळात छापून येऊ शकल्या.

*

कांद्याच्या बाजूला गाळ्याच्या मागे बायका बसतात. माल निवडतात, खराब बाजूला काढतात, फाटकी पोती शिवतात. आवक मोजताना त्या येत नाहीत. हमालांवरच्या माझ्या मसुद्यातही अजून नाहीत. उद्या सकाळी त्यांच्याकडे.

विचारायचं: मजुरी रोजावर की पोत्यावर? देतं कोण, आडत्या की खरेदीदार? मंडळात नोंद आहे का, नसेल तर मागून पाहिली का? बाजार बंद असतो त्या दिवशी काम कुठे? बाटलीतलं पाणी घरून आणता की इथे मिळतं? सुईदोरा कुणाचा?