कुंपणावरची कळलावी

कळलावीला चढण्यासाठी वेगळे तणावे नसतात. पानाचंच टोक लांबत जातं, शेजारच्या काटकीला विळखा घालतं आणि वेल करवंदीच्या जाळीतून वर येते. पावसाळी सहलीत मी विद्यार्थ्यांना आधी हे टोक दाखवतो, फूल नंतर. फुलाकडे कुणाचंही लक्ष जातंच. सहा नागमोडी पाकळ्या उलट वर वळलेल्या, उमलताना हिरवट-पिवळ्या आणि सरतेशेवटी लालभडक. गौरी-गणपतीत कोकणातल्या कुंपणांवर ती बहरलेली असते. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती रानोमाळ आढळते. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे.

तिचा कुक्षिवृंत काटकोनात बाजूला वाकलेला असतो, त्यामुळे स्वतःचे पराग त्यावर सहसा पडत नाहीत. रानात फुलपाखरं ते काम करतात. तमिळनाडूत करूर, दिंडिगुलकडे तिची शेती होते, तिथे मजूर फुलाफुलाला हाताने पराग लावतात. एवढी मेहनत बियांसाठी, कारण बियांत कोल्चिसिन असतं.

हे द्रव्य 1820 मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू यांनी कोल्चिकम या युरोपीय वनस्पतीतून वेगळं केलं. कळलावी तिच्याच कुळातली. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू कोल्चिसिन जुळूच देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, पेशी एकच राहते. 1937 पासून वनस्पती-पैदासकारांनी याचा भरपूर उपयोग केला. बिनबियांचं कलिंगड त्यातूनच आलं. गाऊटने सुजलेल्या सांध्यावर डॉक्टर हेच औषध देतात, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत.

मात्रा वाढली की तेच काम माणसाच्या शरीरात सुरू होतं. जिथे पेशी सतत विभागतात तिथे आधी घाव बसतो: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. कळलावीच्या जमिनीतल्या कंदातही हेच विष असतं; तो खाल्ल्यावर पहिले काही तास काहीच जाणवत नाही, आणि हीच वेळ फसवी. मग उलट्या, जुलाब, पुढच्या काही दिवसांत रक्तपेशींची घट, मूत्रपिंडं निकामी. वाचलेल्यांचे केस दोनेक आठवड्यांनी गळतात. सहज मिळणारा उतारा नाही. कंद उकडला तरी विष जात नाही. श्रीलंकेत रताळं समजून तो खाल्ल्याने माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा.

आयुर्वेदाने तिला उपविषांत गणलं आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरू दिलं नाही. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप बेंबीखाली लावायची चाल खेड्यांत होती. ती नोंदवून ठेवावी, पण आज कुणी करू नये, असं मी स्पष्ट सांगतो. कंद पोटात देणं तर प्राणघातकच.

बागेत मात्र तिने जरूर असावं. घरात आणली की भांडणं लागतात ही समजूत सोडून द्यावी. लहान मुलं आणि गुरं मात्र दूर ठेवावीत, कंद हाताळताना हातमोजे घालावेत. माझी तक्रार आहे ती रानातून कंद उपसून आणून विकण्याबद्दल. एक कंद काढला की तिथली ती वेल संपते. त्यापेक्षा पिकलेल्या बोंडातलं केशरी-लाल बी घ्यावं. ते उगवायला महिनोन्महिने लागतात आणि फूल यायला तीन-चार पावसाळे जातात. हिवाळ्यात वेल वाळली तर मेली समजून उपटू नये. कंद जमिनीत झोपलेला असतो, त्या दिवसांत कुंडीला पाणी घालू नये.