चामड्यासाठी पहिले मशीन

घरात शिलाई मशीन येणे ही आपल्या लोकांत मोठी गोष्ट. आमच्या आईने चाळीत पायाचे मशीन घेतले होते. त्यावर झबली, परकर, ब्लाऊज शिवून तिने आम्हा भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला. त्यामुळे मशीनमधले आम्हाला कळते, असा आमचा समज होता. तो समज आम्हाला आठ हजार रुपयांना पडला. आमच्यासारखी चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मेहुण्यांची नोकरी गेली. धाकटी बहीण लग्नाआधी धारावीत पर्स-पाकिटांच्या कारखान्यात जात असे. सोल्युशन लावणे, कडा दुमडणे, दोरे कापणे हे काम तिने सहा वर्षे केले. मशीनवर मात्र तिला कोणी बसू दिले नाही. एक दिवस ती म्हणाली, "दादा, मला मशीन घेऊन दे. पर्स मी घरी शिवीन."

वडील ऐकत होते. ते म्हणाले, "चामड्याचं काम नको. बाबासाहेबांनी जे सोडायला लावलं, तेच आपण पुन्हा घरात आणायचं?"

घर गप्प झाले. मग बहीणच बोलली, "अण्णा, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं मांस खायचं सोडा म्हणून सांगितलं. मेलेलं ढोर ओढायचं काम गावानं जन्मावरून आपल्यावर लादलं होतं. हे काम मी निवडतेय. भाव मी ठरवणार. नाही पटलं तर मीच सोडेन."

अण्णा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी भिशीचे पैसे त्यांनीच आणून दिले.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. तीन दुकानांतून भाव आणले, तक्ता केला आणि ऑफिसच्या सवयीने सर्वांत कमी भावावर खूण केली. मोटर लावलेले घरगुती मशीन होते. दुकानदार म्हणाला, "चामडंपण चालतं." कोणते चामडे, किती पदर, हे आम्ही विचारले नाही. बहिणीला तर बरोबर नेलेच नाही.

शेळीच्या पातळ चामड्याचे दोन पदर त्यावर नीट शिवले गेले. आम्ही खूश झालो. पण पर्सच्या कोपऱ्यात कडा दुमडल्या की चार पदर होतात. तिथे सुई अडू लागली, टाके सुटू लागले, मोटर तापून वास येऊ लागला. खालचा पदर पुढे जाई, वरचा मागे राही. महिन्याभरात तीन पर्सचे चामडे वाया गेले. कापडावरचा टाका चुकला तर उसवता येतो. चामड्याला पडलेले भोक बुजत नाही.

दुसऱ्या वेळी बहीण पुढे आणि आम्ही मागे. तिने आपल्या चामड्याचे तुकडे पिशवीत घेतले आणि आम्ही धारावीतल्या एका जुन्या मशीन मेकॅनिककडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न किमतीचा केला नाही. विचारले, "शिवायचं काय?"

पाकीट, पट्टा, साधी पर्स असेल तर सपाट मशीन पुरते. उभी झालेली बॅग शिवायची तर नळीसारख्या हाताचे लागते. बुटाच्या वरच्या भागाला उंच खांबाचे. आमचे काम सपाटवर भागणारे होते.

मग त्यांनी चामडे कसे सरकते ते दाखवले. साध्या मशीनचे दाते फक्त खालचा पदर ओढतात आणि वरचा पाय चामड्याला चिकटून बसतो. चामड्याच्या जाड कामाच्या मशीनमध्ये दाते, सुई आणि पाय तिन्ही बरोबर चालतात, म्हणून पदर मागेपुढे होत नाहीत. बाजारात त्याला कंपाउंड फीड म्हणतात. मोटर घेताना सर्व्हो घ्यावी. जुनी क्लच मोटर सारखी घरघरते आणि पाय ठेवताच धावते. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, एकेक टाका सावकाश घालता येतो आणि वीजही वाचते.

सुई चामड्याचीच हवी, कारण तिचे टोक चामडे कापत जाते. आमच्या पर्सला १८ नंबरची बसली. दोरा सुती नको, नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्यावा. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा ठेवावा. फार बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोके पडून चामडे तिथेच फाटते.

बहिणीने चार पदरांचा तुकडा पायाखाली घातला. आधी हाताने चाक फिरवले, मग मोटरवर चालवले. दोन्ही बाजूंचे टाके नखाने तपासले. मशीन जुने, मोटर नवी, बत्तीस हजार रुपये. आम्ही तक्ता काढणार होतो, तिने आम्हाला थांबवून विचारले, "सुटे भाग कुठं मिळतील? बिघडलं तर घरी कोण येईल?" हे दोन रकाने आमच्या तक्त्यात नव्हतेच.

चार फूट लांब, वीस इंच रुंद टेबल दहा बाय दहाच्या खोलीत बसवायला कपाट बाहेर काढावे लागले. पैशाचा निम्मा भाग आम्ही पतपेढीतून उचलला. तिने तो दीड वर्षात फेडला. पहिले मशीनही फुकट गेले नाही. पर्सचे कापडी अस्तर आता त्यावर शिवले जाते.

बंधू-भगिनींनो, पहिले मशीन घेताना आपला माल बरोबर न्या, जाडात जाड जोड तिथेच शिवून पाहा. आणि ते ज्याच्या हाताखाली चालणार आहे, त्याला आधी विचारा. आमच्या घरात ती बाई होती आणि तिला सगळे कळत होते. आम्हीच विचारले नव्हते.

दुपारी तिच्याकडे गेलो तर अण्णा मशीनशेजारी स्टुलावर बसलेले दिसतात. हातात छोटी कात्री. पर्सचे दोरे कापत असतात.